‘ये, बस; पण काही लिहू नकोस’

वाचकाचं पत्र, थोडक्यात: एका माध्यमिक शाळेत अकरा वर्षं गणित शिकवणाऱ्या शिक्षिकेचं हे पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. यंदा त्यांच्या निम्म्या तासिका कमी करून त्यांना ‘मार्गदर्शक शिक्षिका’ केलं गेलं. सहकाऱ्यांच्या वर्गात बसायचं आणि त्यांचं शिकवणं सुधारायला मदत करायची, असं काम. ते कसं करायचं, हे कुणी सांगितलं नाही. बाईंनी उत्साहाने सुरुवात केली, प्रत्येक तासानंतर दोन-दोन पानी टिपणं लिहून दिली. नव्याने लागलेली एक शिक्षिका टिपण वाचून रडली. आता बाई समोरून येताना दिसल्या की ती वाट बदलते. गणिताचेच एक ज्येष्ठ सर आहेत. बाईंच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनीच त्यांना हाताला धरून शिकवलं होतं. ते म्हणतात, ‘ये, बस, पण काही लिहू नकोस.’ बाई वर्गात आल्या की सर मुलांना उदाहरणं सोडवायला देतात आणि खुर्चीत बसून राहतात. त्यांच्या वर्गातल्या वह्या पाहिल्या, तर निम्म्या मुलांना फारसं काही उमगलेलं नाही हे उघड दिसतं. मुख्याध्यापक दर शनिवारी विचारतात, ‘कोण कच्चं आहे?’ मागच्या महिन्यात फार आग्रह झाला तेव्हा बाईंनी दोन नावं सांगून टाकली. हल्ली त्या स्टाफरूममध्ये शिरल्या की गप्पा थांबतात. त्यांचा प्रश्न असा: ‘गोड बोलून झालं. आता कडक व्हावं, की पद सोडून मुकाट्याने आपल्या वर्गात परत जावं? ज्यांना बदलायचंच नाही त्यांना बदलायचं कसं?’

बाई,

तुमच्या पत्रात सरांना तीन परिच्छेद मिळाले आहेत आणि मुख्याध्यापकांना जेमतेम दीड ओळ. मी पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या दीड ओळीशीच अडखळले.

‘ज्यांना बदलायचंच नाही’ असं तुम्ही लिहिता. हे तुम्हाला कशावरून कळलं? सर वर्गात तुम्हाला येऊ देतात. बसायला सांगतात. फक्त लिहू नकोस म्हणतात. वर्गात आलेल्या माणसाच्या हातातला कागद शनिवारी कुठे जातो, याचा अंदाज ज्या माणसाला आहे, त्याने आणखी काय म्हणावं? नोकरीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला असा वास लगेच येतो. मला त्यांच्या वागण्यात हट्ट कमी आणि शहाणपण जास्त दिसतं. तुमच्याशी त्यांचं वाकडं नाही. तुमच्या वहीशी आहे. ती वही मुख्याध्यापकांच्या टेबलापर्यंत पोचते, तोवर तुम्ही गोड बोला नाहीतर कडक बोला, फरक पडणार नाही. म्हणून ‘गोड की कडक’ हा प्रश्न मी बाजूला ठेवते. तो तुमच्या स्वभावाचा प्रश्न आहे, आणि अडचण तुमच्या स्वभावात नाही.

ही गफलत तुमच्याच शाळेत झाली असं समजू नका. १९५०च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढे साठच्या दशकात हार्वर्डमध्ये मॉरिस कोगन, रॉबर्ट गोल्डहॅमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकाला मदत करण्याची एक रीत बसवली. तासाआधी बोलणं, तास पाहणं, काय दिसलं त्याचा विचार करणं, मग पुन्हा शिक्षकाशी बोलणं. मूळ हेतू शिक्षकाने स्वतःच्या शिकवण्याकडे पाहावं, हा. पुढे अनेक ठिकाणी यातलं बोलणं गळालं, निरीक्षण तेवढं उरलं आणि त्याला रकाने जोडले गेले. मदत आणि तपासणी एकाच माणसाच्या हातात दिली की तपासणी जिंकते, कारण तपासणीचा परिणाम पगारावर, बढतीवर आणि अब्रूवर होतो. मदतीचा परिणाम सावकाश होतो.

तेव्हा पहिलं काम मुख्याध्यापकांच्या खोलीत आहे. त्यांना खलनायक ठरवू नका. शाळेत कुठे काय चाललंय हे कळणं त्यांची गरज आहे, जबाबदारीही आहे. त्यांनी वर्ग पाहायलाच हवेत. पण ते त्यांनी स्वतः पाहायचे. तुमच्या डोळ्यांनी पाहिले तर त्यांना माहिती मिळेल आणि मार्गदर्शक शिक्षिका मिळणार नाही. हा सौदा त्यांच्या तोट्याचा आहे, आणि तो तोट्याच्याच भाषेत मांडा. ‘मला सहकाऱ्यांशी गद्दारी करायची नाही’ असं म्हणालात तर ते नाराज होतील. ‘सर, मी नावं देत राहिले तर सगळे मला पाहून चांगला तास घेतील किंवा तासच घेणार नाहीत, मग माझ्या निम्म्या तासिका तुम्ही कशासाठी सोडवल्या?’ असं म्हटलंत तर ऐकतील अशी शक्यता जास्त आहे.

मागायचं काय, ते नेमकं ठरवून जा. मी कुणाबरोबर काम करते आहे आणि साधारण कोणत्या गोष्टीवर, एवढं मी सांगेन; तेही त्या शिक्षकाला ठाऊक असेल. तास कसा झाला, कोण कच्चं, कोण पक्कं, हे सांगणार नाही. मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न दिसला, मारहाण, अपमान, छळ असं काही, तर त्याच दिवशी सांगेन. आणि हा अपवाद सगळ्या शिक्षकांना आधीच माहीत असेल. वर्षाच्या मूल्यमापनात माझं मत विचारलं जाणार नाही. हे सगळं अर्ध्या पानावर लिहा आणि शिक्षकांच्या सभेत मुख्याध्यापकांच्याच तोंडून वाचलं जाईल असं बघा. तुम्ही वाचलंत तर ते तुमचं आश्वासन ठरेल. त्यांनी वाचलं तर शाळेचं.

त्याच बैठकीत तुमच्या वेळेचंही बोलून घ्या. पत्रात तुम्ही ओझरतं म्हटलंय की बदली तासिका, परीक्षेचे तक्ते आणि माहितीचे फॉर्म हळूहळू तुमच्याकडे सरकताहेत. मार्गदर्शक शिक्षकांचं हे ठरलेलं दुखणं आहे. ज्याच्या वेळापत्रकात मोकळी चौकट दिसते, त्याच्यावर शाळेतलं सगळं अनाथ काम येऊन पडतं. आठवड्यातल्या कोणत्या तासिकांना हात लावायचा नाही, ते आत्ताच ठरवा.

आता ती दोन नावं.

याबद्दल तुम्ही एका वाक्यात लिहिलंत आणि पुढे गेलात. मला वाटतं स्टाफरूममधली शांतता तिथूनच आली आहे. नावं फुटली असतील किंवा नसतील; पण तुम्ही त्या दोघांशी पूर्वीसारखं बोलत नसणार आणि ते त्यांना जाणवत असणार. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. एक म्हणजे गप्प राहायचं आणि यापुढे नीट वागायचं. दुसरी म्हणजे त्यांना सांगायचं. पहिली सोपी आहे, आणि बरेच शहाणे लोक तीच सुचवतील: झालं ते झालं, उगाच खपली कशाला काढायची? माझं मत दुसऱ्या वाटेचं आहे. तुम्ही आता सगळ्यांना सांगणार की माझ्याकडून माहिती वर जात नाही. ती आधी गेली होती हे पुढे कुणाला बाहेरून कळलं, तर हा नवा करार त्याच दिवशी संपेल. शिवाय त्या दोघांच्या वर्षअखेरच्या मूल्यमापनात तुमचं एक वाक्य बसलेलं असू शकतं, आणि त्यांना त्याला उत्तर देता येणं हा त्यांचा हक्क आहे.

क्रम मात्र पाळा. आधी मुख्याध्यापकांना सांगा की मी त्या दोघांशी बोलणार आहे. त्यांना अंधारात ठेवून हे केलंत तर नवी अडचण होईल. मग दोघांना वेगवेगळं भेटा, दार लावून, आणि आडवळण न घेता बोला: ‘गेल्या महिन्यात विचारणा झाली तेव्हा मी तुमचं नाव घेतलं. ते तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. यापुढे असं होणार नाही, आणि ते मुख्याध्यापकांशी ठरलं आहे.’ कारणं देऊ नका. आग्रह झाला, दबाव होता, हे सगळं खरं असलं तरी समोरच्याला त्या क्षणी त्याचा उपयोग नसतो. ते चिडतील. एखादी व्यक्ती वर्षभर तुम्हाला वर्गात घेणार नाही. ते मान्य करावं लागेल.

दोन पानी टिपणांकडे येते. तुम्ही ती किती मनापासून लिहिली असतील ते मला दिसतं. ‘फळ्यावरचं अक्षर लहान’, ‘मागच्या बाकांकडे लक्ष नाही’, ‘उत्तर स्वतःच दिलं’, ‘वेळेचं नियोजन ढासळलं’, अशी पत्रात उतरवलेली यादी वाचून मीच दमले. माझा तर तासही नव्हता. अभिप्राय जितका सविस्तर तितका उपयोगी, हे तुम्ही गृहीत धरलंय. १९९६ साली अवराहम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी यांनी अभिप्रायावरच्या शेकडो निष्कर्षांचा एकत्र आढावा घेतला. सरासरीने अभिप्रायाचा फायदाच दिसला. पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर काम आधीपेक्षा खराब झालं होतं. त्यांचं म्हणणं असं की, ऐकणाऱ्याचं लक्ष कामावरून उठून स्वतःवर गेलं की अभिप्रायाचा गुण कमी होतो. ‘हा प्रश्न असा विचारता येईल’ याऐवजी ‘मी शिक्षिका म्हणून कशी आहे’ याचा विचार सुरू होतो. नोकरीला काही महिनेच झालेल्या मुलीने दोन पानं वाचून दुसरं काय वाचलं असेल?

तिच्याकडे जाताना माफीचं भाषण तयार करून जाऊ नका. एवढं म्हणा: ‘मी एकदम खूप लिहिलं. तुला स्वतःला तुझ्या तासातली कोणती गोष्ट छळते?’ आणि थांबा. ती ‘काही नाही’ म्हणेल. पुन्हा दोन दिवसांनी विचारा. समजा ती म्हणाली, ‘मी प्रश्न विचारते, पण ठरावीक चारच मुलं बोलतात.’ झालं, तुम्हाला काम मिळालं. आता तुम्ही वर्गात बसाल ते याच एका गोष्टीसाठी, आणि मत लिहायला नाही, मोजायला: प्रश्न विचारल्यावर ती किती सेकंद थांबते, आणि कोण बोलतं.

हा मोजमापाचा मुद्दा मी मुद्दाम घेतला. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी सत्तरच्या दशकात विज्ञानाचे तास ध्वनिमुद्रित करून तपासले, तेव्हा दिसलं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबतात. मग दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा स्वतः उत्तर देतात. तोच अवकाश तीन सेकंद किंवा थोडा जास्त केला की मुलांची उत्तरं लांबतात, न बोलणारी मुलं बोलू लागतात, ‘माहीत नाही’ कमी होतं. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. वर्गात उभं राहून शांत राहायचं असलं की ते फार लांब असतात.

तास संपल्यावर तिला फक्त तुमचा कागद दाखवा: हे प्रश्न, हे सेकंद, ही नावं. ‘तुला यात काय दिसतं?’ ती स्वतःच म्हणेल, ‘मी थांबतच नाही.’ हे वाक्य तुमच्या तोंडून आलं असतं तर टीका झाली असती. मग उद्याच्या तासातला एक प्रश्न दोघी मिळून निवडा आणि तिला तुमच्यासमोर रिकाम्या वर्गात तो विचारून, थांबून दाखवायला सांगा. अवघडल्यासारखं होईल, दोघींना हसू येईल. तरी करा. सराव न करता सवय बदलत नाही हे आपण मुलांना रोज सांगतो आणि शिक्षकांच्या बाबतीत विसरतो. त्याच आठवड्यात पुन्हा तिच्या तासाला जा. महिन्याने गेलात तर काही उरलेलं नसेल. आणि तो कागद तिलाच देऊन टाका, प्रत न ठेवता.

एक गोष्ट मी याहीआधी करायला सांगेन. तुम्ही इतरांचे वर्ग पाहिलेत. तुमचा वर्ग कुणी पाहिला? ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स हे दोघे या विषयातले जुने जाणते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ठासून मांडलं की कार्यशाळेत शिकवलेली गोष्ट पुढे कुणी सोबत केल्याशिवाय वर्गात उतरत नाही. पण १९९६मध्ये त्यांनीच लिहिलं की, सहकाऱ्यांनी एकमेकांना तोंडी अभिप्राय देण्याचा भाग आम्ही काढून टाकला आहे, कारण अभिप्राय सुरू झाला की मूल्यमापन डोकावतं आणि एकत्र काम मोडतं. त्यांनी चक्क नावं उलटी केली: जो शिकवतो तो मार्गदर्शक, जो मागे बसून पाहतो तो शिकणारा. मला ही उलटापालट फार आवडते. तुमच्या शाळेत ती करायला परवानगीही लागत नाही. स्टाफरूममध्ये सांगा, ‘गुरुवारी दुसऱ्या तासाला मी बीजगणिताचं एक अवघड प्रकरण नव्या पद्धतीने घेणार आहे, फसूही शकतं. कुणी मागे बसून मुलं कुठे गोंधळतात तेवढं पाहील का?’ आणि तास खरोखर अवघड निवडा. हुकमी, टाळ्या घेणारा तास दाखवलात तर लोक पाहतील, मान डोलावतील आणि अजिबात जवळ येणार नाहीत.

सरांना या तासाला बोलवा. पण इथे जपून. ‘सर, तुमच्याकडून शिकायचंय’ असं खोटं लीन होऊन गेलात तर ते दोन मिनिटांत ओळखतील आणि दुखावतील. तुम्हाला खरोखर पडलेला प्रश्न घेऊन जा. अकरा वर्षं गणित शिकवणाऱ्या माणसाला असा प्रश्न असतोच: वजाबाकीचं चिन्ह कंसाबाहेर आलं की मुलं आतली सगळी चिन्हं विसरतात, त्याचं काय करायचं? तुमच्या वर्गातल्या पाच-सहा वह्या त्यांच्यापुढे ठेवा. मुलांच्या चुका पाहिल्या की गणिताचा शिक्षक बोलू लागतो. तुमच्या वह्यांवर बोलणं झालं, की कधीतरी त्यांच्याही वह्या टेबलावर येतील. तुम्ही मागायच्या नाहीत.

वर्गात ‘लिहू नकोस’ म्हणाले आहेत ना, तर लिहू नका. वही घेऊनही जाऊ नका. ते मुलांना उदाहरणं सोडवायला देतात तेव्हा मागे बसून राहण्यापेक्षा परवानगी घेऊन मुलांमध्ये फिरा आणि अडलेल्याला मदत करा. तास संपल्यावर मत नको. एखाद्या मुलाबद्दल बोला. ‘तिसऱ्या बाकावरच्या मुलीने छेद समान न करताच बेरीज केली, पण तिचं कारण मोठं मजेदार होतं.’

हे सगळं गणिताच्या शिक्षकांनी मिळूनही करता येतं, आणि कदाचित सरांसाठी तेच बरं. जपानमध्ये शंभराहून अधिक वर्षं चालत आलेली एक पद्धत आहे. काही शिक्षक मिळून एकच पाठ तयार करतात, एक जण तो घेतो, बाकीचे वर्गात बसून मुलं काय करतात ते पाहतात, आणि नंतर चर्चा होते ती पाठाची. पाठ सगळ्यांनी मिळून रचलेला, त्यामुळे फसला तर सगळ्यांचा फसतो. सरांचं विषयज्ञान तिथे उपयोगी पडेल आणि त्यांना ‘सुधारणा हवी असलेला शिक्षक’ म्हणून वेगळं बसवलं जाणार नाही. अर्थात सगळ्यांची एक तासिका एकाच वेळी मोकळी हवी. वेळापत्रक बनवणाऱ्याशी आत्तापासून गोड राहा.

तुमच्या मनात एक प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. मी तयार असलेल्यांबरोबर काम करायचं, सरांची वाट पाहायची, आणि तोवर त्यांच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी काय करायचं? ‘शिक्षकाच्या इच्छेनेच सगळं’ असं म्हणणारे लोक हा प्रश्न टाळतात. मला तो टाळायचा नाही. ज्या वर्गाला गरज जास्त, तिथला शिक्षकच बहुतेक वेळा दार लावून घेतो. त्या मुलांचं वर्ष परत येत नाही. पण त्याचं उत्तर तुम्ही चोरून पाहावं असं नाही. तो मुख्याध्यापकांचा वाटा आहे. त्यांनी वर्गात जावं, वह्या पाहाव्यात, सरांशी समोरासमोर बोलावं आणि सांगावं, ‘या वर्गात हे बदलायला हवं. कुणाच्या मदतीने, ते तुम्ही ठरवा.’ सरांनी तुम्हाला निवडलं तर तुम्ही जा. नाही निवडलं, दुसऱ्या कुणाला निवडलं, तरी चालेल. बदल हवाच, हे मुख्याध्यापकांनी म्हणायचं. वाट निवडणं सरांच्या हातात. यात तुमचं काम लहान होतं खरं, पण ते खरं काम असतं.

आणि मार्गदर्शन प्रत्येक वेळी तुम्हीच करायला हवं, हेही तुम्ही कुठेतरी धरून चालला आहात. उत्तम शिकवते म्हणून शाळेने मला निवडलं, तेव्हा मी सगळ्यांना शिकवीन. पण स्वतः उत्तम शिकवणं आणि दुसऱ्याला त्याच्या पद्धतीने बरं शिकवायला मदत करणं, ही दोन वेगळी कसबं आहेत. तुम्हाला वर्ग शांत ठेवायला काय करता असं विचारलं तर बहुधा सांगता येणार नाही; ते तुमच्या अंगात मुरलंय. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात चौदा शाळांमध्ये एक प्रयोग झाला, त्याचा अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांत एखाद्या कौशल्यात मागे असलेल्या शिक्षकाची त्याच कौशल्यात पुढे असलेल्या सहकाऱ्याशी जोडी लावली गेली आणि वर्षभर एकत्र काम करा, एवढंच सांगितलं. मागे असलेल्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांची प्रगती लक्षणीय वाढली आणि पुढच्या वर्षीही टिकली. जोड्या ठरवण्यासाठी शाळेच्या नेहमीच्या मूल्यमापनाची माहिती वापरली होती, हे मी लपवत नाही. म्हणजे मूल्यमापन वाईटच असं काही नाही. पण जोडीदाराचं काम सोबतीने शिकायचं होतं, गुण द्यायचं नव्हतं.

तुमच्या शाळेतही कुणाचा गटकार्यात हात बसलेला असेल, कुणाला प्रयोग दाखवायची हातोटी असेल, कुणाचा फळा बघत राहावा असा असेल. त्या नव्या शिक्षिकेला अमक्या सरांच्या तासाला पाठवणं आणि त्या वेळी तिचा वर्ग स्वतः सांभाळणं, हेही तुमचंच काम आहे. शिक्षकाचं नेतृत्व म्हणतात ते यात मला जास्त दिसतं. सभेत पुढे उभं राहून बोलणारे काय, बरेच असतात.

एका वेळी किती जणांना घ्यायचं? चार, फार तर पाच. सगळ्या शाळेला पुरं पडायचा मोह आवरा. मॅथ्यू क्राफ्ट, डेव्हिड ब्लेझर आणि डिलन होगन यांनी २०१८ साली अशा मार्गदर्शनाच्या ६० अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. बहुतेक अभ्यास अमेरिकेतले आणि वाचन-लेखनाचे होते, हे लक्षात ठेवून वाचायचं. शिकवण्याच्या दर्जात प्रमाणित विचलनाच्या (आकडे सरासरीभोवती किती पसरलेले असतात त्या मापाच्या) ०.४९ इतकी सुधारणा दिसली, मुलांच्या गुणांत ०.१८. म्हणजे शिक्षक आधी बदलतो, मुलांपर्यंत ते पोचायला वेळ लागतो आणि वाटेत बरंच सांडतं. आणि कार्यक्रम शंभर किंवा त्याहून अधिक शिक्षकांपर्यंत पसरला की परिणाम अर्ध्याच्या आसपास येतो. तेव्हा सहामाहीच्या निकालावरून कुणी तुमच्या कामाचा हिशेब मागितला, तर हे आकडे पुढे करा. तुम्ही स्वतः मात्र वेगळी खूण पाहा: एखादी शिक्षिका पहिली अडचण सुटल्यावर दुसरी अडचण आपणहून घेऊन येते का?

हे पत्र जे ‘पाहिले जाणारे’ शिक्षक वाचत असतील त्यांना दोन शब्द. तुमच्या वर्गात कुणी मागे येऊन बसलं तर विचारायचा अधिकार तुम्हाला आहे: काय पाहणार आहात, आणि कागद कुठे जाणार? सरळ उत्तर मिळालं तर एक संधी द्या. मुलांना उदाहरणं सोडवायला देऊन खुर्चीत बसणं हा निषेध आहे हे मान्य; पण त्या पाऊण तासाची किंमत समोरची मुलं देतात.

शेवटी पद सोडण्याचं. आत्ता, या मनःस्थितीत सोडू नका. आत्ता सोडलंत तर ते रागाने किंवा शरमेने सोडणं होईल. मुख्याध्यापकांशी बोलणं, त्या दोघांना सांगणं, स्वतःचा वर्ग उघडणं, एवढं करा आणि सत्र संपेपर्यंत थांबा. मुख्याध्यापकांनी अट मान्य केली आणि तरीही जमलं नाही, तर वर्गात परत जाण्यात काहीही कमीपणा नाही. चांगली गणिताची शिक्षिका शाळेला पूर्णवेळ मिळेल.

त्यांनी अट मान्यच केली नाही, तर निर्णय सोपा होतो. ‘नावं द्यावीच लागतील’ असं स्पष्ट झालं की सहकाऱ्यांना तसं सांगा: मी जे पाहते ते वर जातं, हे ओळखून मला बोलवा किंवा बोलवू नका. त्या अटीवर कुणी बोलावणार नाही. मग राजीनाम्याच्या पत्रात ‘सहकारी सहकार्य करत नाहीत’ असं लिहायचा मोह होईल, कारण ते वाक्य कुणालाच टोचत नाही. ते लिहू नका. ते खरं नाही, आणि पुढच्या वर्षी जिला हे पद मिळेल तिच्यासमोर तेच बंद दार येईल. ‘वर्गातल्या माहितीबाबत मर्यादा ठरू शकली नाही, म्हणून हे काम करणं मला शक्य नाही,’ एवढं एक वाक्य लिहा, तारीख घाला आणि प्रत स्वतःकडे ठेवा.